फोटो दाबूनही साइट महिन्याभरात पुन्हा जड का होते?

तक्रार जवळपास ठरलेल्या साच्यातली असते. साइट हळू उघडते म्हणून कोणीतरी बसून सगळे फोटो कॉम्प्रेस करतं, म्हणजे दाबून फाइली हलक्या करतं, गूगलच्या पेजस्पीड चाचणीचा आकडा लालातून हिरव्यात येतो, आठ-पंधरा दिवस सगळे खूश. मग पाडवा येतो, नवा माल येतो, वीस-पंचवीस नवे फोटो चढतात आणि पान पुन्हा पूर्वपदावर. ‘अहो, मागच्याच महिन्यात केलं होतं ना कमी? परत कसं काय वाढलं?’ नाशकात छोट्या धंद्यांच्या साइट सांभाळणाऱ्या कुणालाही हा फोन नवा नाही. समोर येवल्याचे पैठणीवाले असोत, भांडी बाजारातले तांब्या-पितळेचे व्यापारी असोत, की त्र्यंबक रोडला होमस्टे चालवणारे असोत.

दुखणं परत येतं त्याची कारणं दोन. पिक्सेल (फोटोत ठिपके किती), फॉरमॅट (फाइलचा प्रकार) आणि क्वालिटी (फाइल किती दाबायची) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सगळा भार तिसरीवर टाकतात, हे पहिलं. दुसरं जास्त महत्त्वाचं: दुरुस्ती होते ती आधी चढलेल्या फोटोंची. उद्या जे येणार आहेत त्यांच्या वाटेत कोणीच उभं नसतं.

आधी कुठे दुखतंय ते बघा

लॅपटॉपवर क्रोममध्ये पान उघडा, एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये जा. फक्त इमेजेस दिसतील असा फिल्टर लावा, ‘डिसेबल कॅश’वर खूण करा (कॅश म्हणजे आधी साठवून ठेवलेली जुनी प्रत) आणि पान रिफ्रेश करा. ‘साइझ’ रकान्याच्या डोक्यावर एक-दोनदा क्लिक केलं की जड फाइली वर येतात. पैठणीच्या दुकानाच्या होमपेजवर पन्नास-साठ फोटो असतात, पण वजन अडवून बसलेले बहुतेक वेळा तीन-चारच, आणि तेही वरच्या स्लायडरमधले, म्हणजे आपोआप सरकणाऱ्या फोटोंच्या पट्टीतले. उरलेले पन्नास पुन्हा दाबण्यात रविवार घालवायचं कारण नाही.

तिथेच ‘टाइप’ रकानाही बघून ठेवा. प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) वेबपी हा हलका फॉरमॅट देतंय असं तुम्हाला वाटत असतं आणि रकान्यात मुकाट जेपीईजी लिहिलेलं असतं. त्यावर पुढे येतो.

आता ‘एलिमेंट्स’ टॅबमध्ये त्या फोटोच्या पत्त्यावर, म्हणजे कोडमधल्या त्याच्या लिंकवर, माउस नेऊन थांबा. दोन मापं दिसतात. ‘रेंडर्ड साइझ’ म्हणजे पानावर फोटो किती जागेत दिसतोय ते, आणि ‘इन्ट्रिन्झिक साइझ’ म्हणजे फाइलमध्ये खरे पिक्सेल किती आहेत ते. ३८० बाय २८५ च्या चौकटीत ४००० बाय ३००० चा फोटो बसवलेला दिसला तर रोग सापडला. क्वालिटीच्या पट्टीला तोवर हात लावू नका.

पिक्सेल आधी

१२ मेगापिक्सेलच्या फोनमधून निघणारा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. आपल्याकडच्या फोनची स्क्रीन ब्राउझरच्या हिशेबात ३६० ते ४१२ रुंद असते आणि घनता अडीच-तीन पट धरली तर खरे पिक्सेल हजार-बाराशेच्या आसपास. १२०० बाय ९०० केलेल्या फोटोत १० लाख ८० हजार पिक्सेल राहतात, म्हणजे अकरावा हिस्सा. क्वालिटीची पट्टी कितीही खाली ओढली तरी एवढी कपात फोटो न नासवता मिळत नाही.

माझे अंदाज असे: मालाच्या फोटोला लांब बाजू १२०० ते १६००, पूर्ण रुंदीच्या बॅनरला १९२०, यादीतल्या छोट्या चौकटींना ६००. पदर झूम करून दाखवायचा असेल तर तेवढ्या एका फोटोला २०००.

पिक्सेल तसेच ठेवून नुसती फाइल दाबली तर आणखी एक नुकसान होतं, जे पेजस्पीडच्या आकड्यात नीट दिसत नाही. ४००० बाय ३००० चा फोटो तुम्ही ४०० केबीवर आणला तरी दाखवताना ब्राउझरला तो पूर्ण मापात मेमरीत मांडावा लागतो. पिक्सेलला चार बाइट धरले तर एका फोटोला सुमारे ४८ एमबी. नऊवारी कितीही घट्ट घडी घालून कपाटात बसवली तरी नेसताना ती पूर्ण उलगडावीच लागते. असे सहा फोटो एका पानावर आले की कमी रॅमचा फोन स्क्रोल करताना अडखळतो आणि दोष जातो जिओ-एअरटेलवर.

जाता जाता, ७२ डीपीआय करून द्या म्हणणारे अजून भेटतात. डीपीआय ही छपाईसाठी फाइलमध्ये लिहिलेली नोंद आहे. पिक्सेल तेच ठेवून ३०० चं ७२ केलं तर स्क्रीनवर काहीही बदलत नाही आणि फाइल हलकी होत नाही.

सणाचं पोस्टर आणि पाचशे केबीचा लोगो

फॉरमॅटच्या बाबतीत सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे पीएनजीतला फोटो. पीएनजी १९९६ पासून आहे आणि तो एकही पिक्सेल न गमावता साठवतो. सपाट रंगाचा लोगो, स्क्रीनशॉट, रेघांची आकृती यांना तो उत्तम. साडीच्या किंवा द्राक्षांच्या फोटोला तोच फॉरमॅट जेपीईजीच्या कैक पट वजन देतो. हे पीएनजी येतात कुठून? कॅनव्हामधून. दसऱ्याच्या शुभेच्छांचं पोस्टर, त्यात दुकानाचा फोटो, मागे सोनेरी छटा, आणि डाउनलोड करताना समोर जो पर्याय दिसला तो तसाच. पाच-सहा एमबीची फाइल सरळ होमपेजवर. डाउनलोड करतानाच जेपीजी (म्हणजे जेपीईजीच) निवडलं तर अर्धी कटकट तिथेच मिटते.

नाव बदलून ‘डॉट जेपीजी’ केलं की फॉरमॅट बदलत नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं. शेपूट बदलतं, आतला माल पीएनजीच राहतो.

पोस्टरमध्ये मराठी मजकूर असेल तर मात्र जेपीईजीची क्वालिटी फार खाली नेऊ नका. देवनागरीचा अनुस्वार, रफार, उकाराचं बारीक टोक यांच्याभोवती राखाडी धूळ जमल्यासारखी दिसते. फोनवर तारीख आणि पत्ता वाचायलाच त्रास होतो. त्याहून चांगलं म्हणजे मजकूर पोस्टरमध्ये न भरता पानावर खरा मजकूर म्हणून टाका. तो काही बाइटचा असतो, गूगलला वाचता येतो आणि ऑफरची तारीख बदलली तर नवीन फोटो बनवावा लागत नाही.

लोगोची एक खास केस आहे, कारण तिच्यात कितीही दाबा, काही होत नाही. लोगो १२० पिक्सेल रुंद, फाइल साडेपाचशे-सहाशे केबीची. क्वालिटी ८०, ६०, ४०, तरी वजन हलत नाही. अशा फाइलचा उगम बहुतेक वेळा छापखान्यात किंवा फ्लेक्सवाल्याकडे असतो. लोगो व्हिजिटिंग कार्डासाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या, रंगांत बनवलेला असतो आणि फाइलच्या आत छपाईचा कलर प्रोफाइल (रंग कसे दिसावेत याची माहिती) कोंबलेला असतो. ‘यूएस वेब कोटेड स्वॉप’ हा नेहमी भेटणारा प्रोफाइल एकटाच साडेपाचशे केबीच्या घरात जातो. म्हणजे लोगो पंधरा-वीस केबीचा आणि बाकी सगळं सामान. क्वालिटीची पट्टी फक्त चित्राला लागू होते, प्रोफाइलला नाही. अशा फाइलीचे रंगही ब्राउझरमध्ये विचित्र दिसतात, कुठे भडक तर कुठे मळके. उपाय: फाइल उघडून एसआरजीबीमध्ये (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगांत) बदला आणि मगच वेबसाठी एक्स्पोर्ट करा. त्यापेक्षाही, डिझायनरकडे लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (पिक्सेलऐवजी रेघांनी बनलेली) मागा आणि तिची एसव्हीजी वापरा.

क्वालिटीची पट्टी, आणि राणी कलर

जेपीईजी १९९२ पासूनचं प्रमाण आहे. तो फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील, क्वालिटीचा आकडा जेवढा कमी तेवढा जास्त, टाकून देतो. गंगापूर धरणाच्या संथ पाण्याचा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो चटकन हलका होतो, कारण त्यात टाकायला तपशीलच नाही. जरीच्या बुट्ट्यांनी भरलेला पदर त्याच मापात, त्याच क्वालिटीला कितीतरी जड राहतो. म्हणून ‘प्रत्येक फोटो १०० केबीच्या आत’ हा नियम मला पटत नाही. आभाळाला तो ढिला पडतो आणि पदराची वाट लावतो. क्वालिटी ७५ ते ८२ मध्ये ठेवा, पिक्सेल बरोबर ठेवा, आणि जो आकडा येईल तो येऊ द्या. मालाच्या फोटोला १५० ते २५० केबी आले तर काही बिघडत नाही.

हे आकडे एका सॉफ्टवेअरचे दुसऱ्याला लागू होतीलच असं नाही. फोटोशॉपची पट्टी एका जागी १२ पर्यंत असते, दुसऱ्या जागी १०० पर्यंत, आणि त्यातले ७० म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमचे ७० नव्हेत. डोळ्यांनी बघा. शंभर टक्के झूमवर बघा, चारशेवर नको. चारशेवर सगळंच वाईट दिसतं.

पैठणीवाल्यांची तक्रार थोडी वेगळी असते आणि ती खरी असते. ‘क्वालिटी पंच्याण्णव केली, तरी काठ फुटल्यासारखा दिसतो.’ राणी कलर किंवा लाल, त्यावर जरीची मुनिया (काठावरचा पोपट), आणि मुनियाच्या कडा रंग सांडल्यासारख्या. हिरव्या-निळ्या साडीला हे तितकं जाणवत नाही.

कारण रंग साठवण्याच्या पद्धतीत आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक जेवढा बारकाईने कळतो तेवढा रंगाचा कळत नाही. याचा फायदा घेऊन जेपीईजीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनाला एक अशी. बहुतेक फोटोंत हे कळतही नाही. पण गर्द लाल किंवा राणी रंगावर जिथे कडा मुख्यतः रंगाच्या फरकानेच उठून दिसते, तिथे ती दोन पिक्सेल पसरते आणि मुनियाची चोच काठात विरघळते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही रंगकपात क्वालिटीच्या आकड्याला बांधलेली नसते, वेगळी सेटिंग असते. म्हणून पंच्याण्णव केल्यावर फाइल फुगते आणि काठ तसाच राहतो.

जिम्प या फोटो-एडिटरमध्ये जेपीईजी एक्स्पोर्ट करताना प्रगत पर्यायांत ‘सबसॅम्पलिंग’ दिसतं, तिथे ४:४:४ निवडा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवला जातो. स्क्वूश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या टूलमध्ये मॉझजेपीईजी (जेपीईजीचाच पर्याय) घेतलं तर प्रगत सेटिंगमधली ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ची खूण काढा आणि खालचा आकडा १ वर आणा. फाइल थोडी वाढेल. तेवढी क्वालिटी ९५ वरून ८० वर आणून परत मिळवा. फरक बघायला स्क्वूशमध्ये पदराच्या कोपऱ्यावर मधली रेघ इकडेतिकडे सरकवा, लगेच पटेल.

वेबपीबद्दल इथेच सांगायला हवं. गूगलने २०१० मध्ये आणलेला हा फॉरमॅट बहुतेक फोटोंना जेपीईजीपेक्षा पाव हिश्श्याने तरी हलका करतो, आणि २०२० च्या सफारी १४ पासून आयफोनवरही चालतो, त्यामुळे तो न वापरायला आता सबब नाही. पण तपशील गमावणारा जो नेहमीचा वेबपी आहे त्यात रंगाची ही कपात कायमची बसवलेली आहे, बंद करायची सोय नाही. ‘शार्प वाययूव्ही’ नावाचा पर्याय कडा थोड्या सावरतो, एवढंच. एव्हीआयएफ या आणखी एका फॉरमॅटमध्ये मात्र ४:४:४ मिळतं. म्हणून मी तरी पदराचे क्लोजअप जेपीईजी ४:४:४ किंवा एव्हीआयएफमध्ये ठेवतो आणि दुकानाचे, विणकामाच्या मागाचे, मॉडेलचे बाकी सगळे फोटो वेबपीत.

रंग फिका पडण्याची दुसरी वाट आयफोनची. त्याचे फोटो ‘डिस्प्ले पी३’ या रुंद रंगपट्ट्यात असतात आणि तशी नोंद फाइलमध्ये असते. कॉम्प्रेस करणाऱ्या टूलने ‘सगळा मेटाडेटा (फोटोसोबतच्या नोंदी) काढा’ म्हणत ती नोंदही उडवली की ब्राउझर त्या आकड्यांना साधं एसआरजीबी समजतो आणि राणी रंगाचा गुलाबी होतो. गिऱ्हाईक साडी हातात आल्यावर म्हणतं, फोटोत वेगळी होती. आधी एसआरजीबीमध्ये बदल, मग मेटाडेटा काढणं, हा क्रम मोडू नका.

वर्डप्रेसच्या पोटात काय होतं

वारंवार परत येणारी बहुतेक प्रकरणं इथे सापडतात.

वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, एका फोटोच्या अनेक प्रती करतं: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ अशा मापांच्या. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन असेल तर त्याची मापं वेगळी. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आला तर तो २५६० वर आणून नावाला ‘स्केल्ड’ जोडलेली प्रत वापरली जाते. मूळ फाइल सर्व्हरवर पडून राहते, जागा खात. या प्रती बनवताना जेपीईजीची क्वालिटी ८२ धरलेली असते.

आता समजा तुम्ही घरून फोटो ५० क्वालिटीला दाबून आणला. वर्डप्रेस तो उघडतं, लहान करतं आणि ८२ ने परत सेव्ह करतं. तुमच्या दाबण्याने पडलेले डाग तसेच राहतात, वर ते डाग इमानेइतबारे जपायला जास्तीचे केबी खर्च होतात. कधीकधी २०४८ ची प्रत तुमच्या २४०० च्या मूळ फाइलपेक्षा जड निघते आणि माणूस चक्रावतो. म्हणून वर्डप्रेसला देताना पिक्सेल नेमके द्या आणि क्वालिटी ८५-९० अशी धडधाकट ठेवा. दाबायचं ते शेवटच्या पायरीवर, एकदाच.

पीएनजीचं आणखी एक. बऱ्याच आवृत्त्यांत २५६० चा नियम पीएनजीला मुद्दाम लावलेला नाही, कारण लहान केलेला पीएनजी मूळ फाइलपेक्षा मोठा होऊ शकतो. त्यामुळे कॅनव्हाचं ४००० पिक्सेलचं पोस्टर कुठेही न अडता जसंच्या तसं पानावर येतं.

स्लायडर आणि पेज बिल्डर फोटो बरेचदा सीएसएसच्या (पानाच्या सजावटीच्या कोडच्या) बॅकग्राउंड म्हणून लावतात. वर्डप्रेस मजकुरातल्या फोटोला ‘एसआरसीसेट’ लावतं, म्हणजे फोनला छोटी प्रत, मोठ्या स्क्रीनला मोठी. बॅकग्राउंडला ते लागत नाही, आणि फोनलाही पूर्ण मापाची फाइल जाते. सगळं करूनही होमपेज जडच राहिलं तर स्लायडर काढून एक साधा फोटो लावून बघा. तसंही तिसरी स्लाइड कोणी बघत नाही. तो पहिला फोटो ‘लेझी लोड’मधून (फोटो गरज पडेल तेव्हाच उघडण्याच्या सोयीतून) वगळायला विसरू नका. पानावरचा सगळ्यात मोठा फोटो २.५ सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे आणि लेझी लोड नेमका त्यालाच उशीर करतं.

थीम बदलल्यावर साइट जड झाली? नव्या थीमला जी मापं हवीत त्या प्रती जुन्या फोटोंच्या नसतात, मग पूर्ण फाइल दिली जाते. या प्रती (थंबनेल) पुन्हा बनवून घेणारं प्लगइन एकदा चालवा.

आणि प्लगइन. फुकट योजनेत महिन्याला ठरावीक फोटोंचा कोटा असतो. वर्डप्रेस एका फोटोच्या सात-आठ प्रती करतं आणि काही प्लगइन प्रत्येक प्रत वेगळी मोजतात. शंभराचा कोटा बारा-पंधरा साड्यांत संपतो. पुढचे फोटो न दाबता चढत राहतात आणि सूचना येते ती डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, जिथे दुकानातलं कोणी बघत नाही. ‘महिन्याभराने परत जड’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच उघडून बघतो. न वापरली जाणारी मापं सेटिंगमधून बंद केली तर तोच कोटा बराच पुरतो.

मघाशी ‘टाइप’ रकान्याबद्दल म्हटलं ते असं: काही प्लगइन वेबपीची प्रत बाजूला बनवून ठेवतात आणि अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या एचटीॲक्सेस फाइलमधल्या नियमाने ती पुढे करतात. होस्टिंग बदललं, नवा सर्व्हर अपाचेऐवजी एनजिनएक्सचा निघाला, की तो नियम कोणी वाचत नाही. वेबपी फाइली जागेवर, प्लगइनमध्ये हिरवी खूण, आणि गिऱ्हाइकाला जेपीईजी. नियम होस्टिंगवाल्याकडून एनजिनएक्समध्ये घालून घ्या, किंवा नियमाऐवजी पानाच्या एचटीएमएलमध्येच वेबपीचा पत्ता देणारी पद्धत प्लगइनमध्ये निवडा.

फोनवरून येणारे फोटो

व्हॉट्सॲपने आलेला फोटो हलका असतो म्हणून लोक तोच चढवतात. तो एकदा दाबलेला असतो, लांब बाजू साधारण १६०० वर आणलेला. त्यावर तुमचं दाबणं, त्यावर वर्डप्रेसचं. जरीचा तपशील तर गेलेलाच असतो. मूळ फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

आयफोन २०१७ पासून एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये फोटो काढतो. क्रोममध्ये तो दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की विषय संपतो.

दाबल्यावर फोटो आडवा पडला तर कारण ठरलेलं: फोन उभा धरला तरी फाइल बरेचदा आडवीच साठवली जाते आणि ‘फिरवून दाखव’ अशी नोंद मेटाडेटात असते. टूलने नोंद काढली आणि फोटो प्रत्यक्षात फिरवला नाही. ‘ऑटो रोटेट’ किंवा ‘ऑटो ओरिएंट’चा पर्याय चालू करा. त्याच मेटाडेटात फोटो काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरात माग असलेल्या विणकरांचे फोटो टाकताना ते काढलेले असावेत.

बदलला तरी जुनाच दिसतो

कॅश. त्याच नावाने फाइल बदलली तर ब्राउझर, कॅश प्लगइन आणि सीडीएन (फाइलींच्या प्रती ठेवून पुरवणारं सर्व्हरचं जाळं) असेल तर तोही, तिघांकडे जुनी प्रत असते. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून बघा, मग प्लगइनची कॅश, मग सीडीएनची. सगळ्यात सोपं म्हणजे नव्या फोटोला नवं नाव.

दारावर कोणाला बसवायचं

फोटो चढवतं कोण? मालक नाही, वेबसाइटवालाही नाही. काउंटरवर बसणारी मुलगी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, स्वतःच्या फोनवरून. तिला क्वालिटी आणि सबसॅम्पलिंग समजावून सांगण्यात अर्थ नाही. अपलोडला १ एमबीची मर्यादा घाला. छोट्या प्लगइनने होतं. मग फोन येतो तो वेगळा.

‘दादा, फोटो चढतच नाहीये.’

‘किती एमबीचा आहे, ताई?’

‘ते कुठे बघायचं?’

इथेच खरी अडचण असते. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला किंवा ‘डिटेल्स’ उघडलं की माप आणि एमबी दिसतात, हे तिला कधी कोणी दाखवलेलंच नसतं. एकदा दाखवलं की ती स्वतःच रिसाइझ करून चढवते, आणि कॅनव्हातून जेपीजी घ्यायचं हेही लक्षात ठेवते. मर्यादेच्या जोडीला चढतानाच लांब बाजू १६०० वर आणणारी सेटिंग प्लगइनमध्ये असेल तर तीही चालू करा, फक्त मूळ फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर किंवा ड्राइव्हवर ठेवण्याची सवय लावून. पुढे कधी दाबायचं झालं तर त्या मुळावरून दाबायचं, आधी दाबलेल्यावरून नाही.

एखाद-दुसऱ्या फोटोला स्क्वूश छान. सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुठे पाठवला जात नाही. ढिगाने करायचे असतील तर विंडोजवर इरफानव्ह्यूचं बॅच किंवा एक्सएनकन्व्हर्ट.

तपासणी ऑफिसच्या वायफायवर करू नका. कॉलेज रोडच्या फायबरवर ५ एमबीचं पान डोळ्याची पापणी लवते तोवर उघडतं. ४ एमबीपीएस मिळणाऱ्या मोबाइल डेटावर त्याच पानाला दहा सेकंद लागतात, आणि २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी किंवा त्र्यंबकला खोली शोधणाऱ्या भाविकाच्या फोनला तेवढेही मिळतील याची खात्री नाही. होमस्टेवाल्यांनी स्वतःचं बुकिंगचं पान डेटावर, जुन्या अँड्रॉइडवर, खासगी टॅबमध्ये उघडून बघावं.

जुन्या फोटोंची साफसफाई सगळ्यात शेवटी करा, दारावरचा बंदोबस्त झाल्यावर. आधी अपलोड्स फोल्डरची पूर्ण प्रत डाउनलोड करा, कारण बरीच प्लगइन मूळ फाइलवरच लिहितात आणि ‘रिस्टोअर’ फुकट योजनेत असेलच असं नाही. मग नेटवर्क टॅबमधल्या यादीतल्या सगळ्यात जड फाइलींपासून सुरुवात करा. जुन्या फाइलींचं नाव बदलू नका, ब्लॉगमधल्या आणि व्हॉट्सॲप कॅटलॉगमधल्या लिंका तुटतील. नाव तेच ठेवून फाइल बदला आणि तिन्ही कॅश रिकाम्या करा. यादीत खाली येत २०० केबीच्या फाइलींपर्यंत पोचलात की तिथेच थांबलात तरी चालेल.